जपानी रेसलिंग बघायला सुरुवात करायचीय? आधी एक हरणारा गडी शोधा

आपल्यापैकी बहुतेकांचं रेसलिंग म्हणजे केबलवरचं डब्ल्यूडब्ल्यूई. दप्तरात लपवलेले ट्रम्प कार्ड, अंडरटेकरचं कार्ड ज्याच्याकडे तो वर्गातला राजा, आणि घरात कोणीतरी काका असायचाच जो येता-जाता म्हणायचा की अरे हे सगळं खोटं असतं, अभ्यास कर. मग कॉलेज आलं आणि ते सुटलं. माझंही सुटलं होतं. परत ओढला गेलो तो जपानच्या रेसलिंगमुळे, आणि तेव्हापासून ज्याला त्याला सांगत असतो की बघा रे एकदा, आणि दर वेळी एकच प्रश्न येतो, बघू पण सुरुवात कुठून करू? भाषा कळत नाही, नावं तोंडात बसत नाहीत, कंपन्या डझनभर, इतिहास सत्तर वर्षांचा. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

पहिल्यांदा बघाल तेव्हा सगळ्यात आधी जाणवेल ती शांतता. आपल्याला सवय अशी की माणूस एंट्रीला आला की आरडाओरडा, वीस मिनिटं माइकवर भांडण, मग पाच मिनिटांची मॅच. जपानमध्ये बरोबर उलटं. मॅच सुरू होते आणि हजारो माणसं गप्प बसून बघत असतात, दोघांनी एकमेकांचे हात धरले, एकाने दुसऱ्याला खाली घेतलं, तो सुटला, की टाळ्या, नुसत्या टाळ्या, जशा गाण्याच्या मैफलीत एखादी जागा छान आली की पडतात तशा. मला आधी वाटलं लोकांना बोअर होतंय. मग वीसेक मिनिटांनी तोच हॉल असा काही पेटतो की खुर्चीत बसवत नाही. तो आवाज हळूहळू चढवत न्यायचा हीच तिथल्या पैलवानाची खरी कला आहे आणि ती कळायला दोन-तीन मॅच अख्ख्या बघाव्या लागतात, क्लिप बघून ती कळत नाही. क्लिपमध्ये फक्त शेवटचा धमाका असतो.

आता काकांचा मुद्दा. हो, निकाल आधी ठरलेला असतो, जपानमध्येही. तिथे याला पुरोरेसु म्हणतात, प्रोफेशनल रेसलिंगचंच जपानी तोंडात बसेल असं छोटं रूप. पण ही आपल्याकडची नूरा कुस्ती नव्हे. नूरा कुस्तीत पैलवान आतून संगनमत करतात आणि बाहेर लोकांना खरं म्हणून विकतात, तिथे फसवणूक आहे. पुरोरेसुत बघणाऱ्यालाही माहितीय आणि लढणाऱ्यालाही. कोकणात दशावतार बघायला बसलेल्या माणसाला पहाटे कोण मरणार हे लहानपणापासून ठाऊक असतं, तरी तो रात्रभर जागतो ना, कारण त्याला बघायचंय की आजचा संकासुर कसा येतो. तसंच. फरक एवढाच की इथे अंगावर पडणारे फटके बऱ्यापैकी खरे असतात. छातीवर मारलेल्या चॉपने कातडी लालबुंद होते, कधी फुटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जपानमध्ये हे खेळ म्हणून मांडलं जातं. पत्रकार परिषद होते, जिंकणं-हरणं मोजलं जातं, मॅच संपल्यावर दमलेला माणूस बॅकस्टेजला जमिनीवर पडून दोन वाक्यं बोलतो आणि त्या दोन वाक्यांत पुढच्या तीन महिन्यांची गोष्ट असते. साप्ताहिक निघतं यावर, टोकियो स्पोर्ट्स नावाचा पेपर दरवर्षी वर्षातला सर्वोत्तम पैलवान निवडतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण याच्याशिवाय पुढचं लागणार नाही. १९५३ मध्ये जपानमध्ये टीव्ही सुरू झाला. घरात टीव्ही घेणं कोणाला परवडत नव्हतं म्हणून निप्पॉन टेलिव्हिजनने चौकाचौकात, स्टेशनांबाहेर टीव्ही लावले होते. फेब्रुवारी १९५४ ला त्या टीव्हीवर रिकिदोझान नावाचा माणूस दिसला, मूळचा कोरियातला, आधी सुमो पैलवान, आणि समोर शार्प बंधू, धिप्पाड गोरे. युद्ध हरून नऊ वर्षंही झाली नव्हती, अमेरिकन लष्कराचा ताबा संपून दोनच वर्षं. अशा वेळी हा माणूस कराटे चॉप मारून गोऱ्या पैलवानांना खाली पाडतोय आणि रस्त्यावर तुडुंब गर्दी. आपल्याकडच्या जुन्या लोकांना दारा सिंग आणि किंग काँगच्या कुस्त्या आठवत असतील, तर तोच किंग काँग १९५५ मध्ये जपानला जाऊन रिकिदोझानशी एशियाच्या बेल्टसाठी भिडला होता. रिकिदोझानला डिसेंबर १९६३ मध्ये एका नाइटक्लबमध्ये चाकू लागला आणि आठवड्याभरात तो गेला. चाळिशीही गाठली नाही.

त्याचे दोन चेले. दोघांनी एकाच दिवशी पदार्पण केलं, ३० सप्टेंबर १९६०. एक शोहेई बाबा, पुढे जायंट बाबा, दोनशे नऊ सेंटीमीटर उंच, आधी योमिउरी जायंट्स या बेसबॉल टीमचा पिचर. दुसरा अँटोनियो इनोकी, ज्याचं कुटुंब ब्राझीलला गेलं होतं आणि रिकिदोझानने त्याला तिथून उचलून आणलं. १९७२ मध्ये दोघांनी आपापली कंपनी काढली, इनोकीची न्यू जपान आणि बाबाची ऑल जपान. दोन गुरुभावांची दोन घराणी म्हणा. इनोकीचं म्हणणं असं की रेसलिंग हे लढाईसारखं दिसलं पाहिजे, लाथा, सबमिशन म्हणजे हार मानायला लावणाऱ्या पकडी, ताठरपणा, त्याला स्ट्राँग स्टाइल म्हणतात, आणि याच हट्टापायी तो १९७६ ला मुहम्मद अलीसमोर उभा राहिला, बुदोकानमध्ये, पंधरा राउंड, बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायावर लाथा मारत. मॅच ड्रॉ झाली, त्या काळी लोक फार वैतागले होते. बाबाच्या घराण्याची स्टाइल पुढे ओडो म्हणून ओळखली गेली, राजमार्ग, तिथे लाथांपेक्षा कथा मोठी, एक मॅच मागच्या मॅचवर रचलेली, गेल्या वेळी ज्या डावाने हरलो त्यातून या वेळी सुटायचं आणि पुढच्या वेळी नवीन काहीतरी.

आपला धागाही यात आहे. पंजाबातून कॅनडाला गेलेला टायगर जीत सिंग हा इनोकीचा सत्तरच्या दशकातला सगळ्यात कट्टर शत्रू. फेटा, तोंडात तलवार. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याने शिंजुकूच्या भर रस्त्यात, डिपार्टमेंट स्टोअरसमोर, बायकोबरोबर खरेदीला आलेल्या इनोकीवर हल्ला केला आणि पोलीस आले. जपानी लोकांना अजून ते आठवतं. आणि आपला खली, तो डब्ल्यूडब्ल्यूईत जायच्या आधी २००१ मध्ये न्यू जपानमध्ये जायंट सिंग नावाने लढत होता.

बस, इतिहास इतकाच पुरे. बरेच जण इथेच चुकतात, रिकिदोझानपासून क्रमाने सगळं बघून काढायचं ठरवतात आणि महिन्याभरात थकतात. इतिहास नंतर आपोआप ओढून नेतो. आत्ता जे चालू आहे तिथून घुसा.

माझा सल्ला, कंपनी एकच धरा आणि ती न्यू जपान धरा, कारण तिचं इंग्लिश कॉमेंट्रीसकट स्ट्रीमिंग आहे, न्यू जपान वर्ल्ड, २०१४ च्या डिसेंबरमध्ये ९९९ येन महिना या भावाने सुरू झालं होतं, नंतर भाव वाढला, पण एक महिना घेऊन बघण्याइतकं परवडतं. आणि आपल्याला एक मोठा फायदा आहे ज्याचा युरोप-अमेरिकेतल्या फॅनला हेवा वाटावा, तो म्हणजे वेळ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. टोकियोत संध्याकाळी साडेसहाला शो सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन. अमेरिकेतले बिचारे रात्री अडीच-तीनचे अलार्म लावून उठतात. आपण जेवून बसायचं फक्त.

न्यू जपानचं वर्ष कसं चालतं ते कळलं की निम्मं काम झालं. वर्षाचा सण म्हणजे ४ जानेवारी, टोकियो डोम हे मोठं स्टेडियम. १९९२ पासून दरवर्षी याच तारखेला तिथे न्यू जपानचा शो असतो, आता त्याला रेसल किंगडम म्हणतात. वार कुठलाही असो, तारीख बदलत नाही. मार्चमध्ये न्यू जपान कप, ही साधी बाद फेरी. मे-जूनमध्ये बेस्ट ऑफ द सुपर ज्युनिअर्स, म्हणजे शंभर किलोच्या आतल्यांची लीग, उड्या, वेग, ज्यांना हवेतलं रेसलिंग आवडतं त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आणि मग जुलै-ऑगस्टच्या घामट उकाड्यात जी-वन क्लायमॅक्स. १९९१ पासून चालू आहे.

जी-वन म्हणजे आयपीएल बघणाऱ्याला समजावायला सगळ्यात सोपी गोष्ट. साधारण वीस पैलवान, दहा-दहाचे दोन गट, प्रत्येकाने आपल्या गटातल्या बाकी नऊ जणांशी लढायचं, जिंकलात तर दोन पॉइंट, ड्रॉला एक, हरलात तर शून्य (अधूनमधून आकडे बदलतात, २०२२ आणि २०२३ ला चार गट होते). गट संपले की वरच्या माणसांत फायनलपर्यंतच्या लढती, आणि जो जिंकतो त्याला चॅम्पियनशी लढायचा हक्क, सहसा ४ जानेवारीला डोममध्ये. एवढंच. पण या साध्या तक्त्यात काय काय बसतं बघा. दोघे जिगरी दोस्त एका गटात पडले तर लढावंच लागतं. तरुण पोरगं चॅम्पियनला हरवू शकतं, आणि मग चॅम्पियनला त्याला कधीतरी बेल्टवर संधी द्यावी लागते, म्हणजे ऑगस्टमधल्या एका मॅचमध्ये हिवाळ्यातल्या मॅचचं बी पेरलेलं असतं. महिनाभर शरीर झिजत जातं, कोणाच्या गुडघ्याला पट्टी, कोणाच्या खांद्याला टेप, आणि ती पट्टी समोरचा बघतो आणि तिथेच मारतो. नवीन माणसाला मी डोळे झाकून जी-वन सांगतो, कारण मागचं काही माहीत नसलं तरी पॉइंट टेबल सगळ्यांना कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे वैताग येणार नाही. जी-वन सोडून इतर दिवसांत शो लावलात तर निम्म्या मॅच टॅग असतात, तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध चार, आणि वाटतं की हे काय चाललंय, कोण कोणाचं? त्या मॅचला जपानीत झेनशोसेन म्हणतात, मोठ्या लढाईच्या आधीची चकमक. पंधरवड्याने ज्या दोघांची बेल्टसाठी मॅच आहे ते या टॅगमध्ये समोरासमोर येतात, एकमेकांचे डाव चाचपतात, आणि पडतो मात्र त्यांचा एखादा धाकटा साथीदार. तुम्ही सुरुवातीला या मॅच सरळ सोडल्यात तरी चालेल, मीही सोडायचो. आणि हो, रिंगबाहेर गेलेल्याला तिथे वीसपर्यंत आकडे मिळतात, आपल्या सवयीच्या दहापर्यंत नाही, त्यामुळे एकोणीस झाल्यावर कोणीतरी कसाबसा आत लोळत येतो हे दृश्य वारंवार दिसेल आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येईलच.

आता मुख्य गोष्टीवर येतो. कोणाला धरायचं?

सगळे सांगतात चॅम्पियन बघ, गाजलेल्या मॅच बघ. मी म्हणतो शोची पहिली मॅच बघा. काळी चड्डी, काळे बूट, बाकी काहीच नाही, अशी दोन पोरं येतात. हे यंग लायन. टोकियोत नोगे भागात न्यू जपानचा डोजो आहे, आपल्या तालमीसारखाच, तिथेच राहायचं, शेकड्यांनी बैठका मारायच्या, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, मोठ्या पैलवानांचे कपडे धुवायचे, आणि शो असला की रिंगजवळ बसून पाणी-टॉवेल बघायचं. लढायची परवानगी मिळाली तरी डाव मोजके, धरपकड, फोरआर्म, बॉडीस्लॅम, ड्रॉपकिक, आणि बहुतेक मॅच बॉस्टन क्रॅबवर संपते, म्हणजे पालथ्या पडलेल्याचे पाय मागे ओढून कंबर मोडायला बघणं. पाय धरले गेले की पोरगं दोरीकडे सरपटत जातं, दोन बोटं उरतात, समोरचा त्याला परत मधे ओढतो, आणि ते हात आपटून हार मानतं. असं एकदा नाही, शंभर-दीडशे मॅच. दोन-अडीच वर्षं नुसतं हरायचं.

मग एक दिवस त्याला परदेशी पाठवतात, मेक्सिको, इंग्लंड, अमेरिका. वर्ष-दोन वर्षं गायब. आणि परत येतो तेव्हा केस वेगळे, कपडे वेगळे, चाल वेगळी, आणि हॉलमधल्या ज्या लोकांनी त्याला काळ्या चड्डीत दोरीकडे सरपटताना बघितलंय त्यांना जे वाटतं ते शब्दात सांगता येत नाही. काझुचिका ओकाडा असाच अमेरिकेतून परतला, जानेवारी २०१२ ला, त्याच्या पहिल्या मॅचला लोकांना तो फारसा पटलाही नव्हता. १२ फेब्रुवारीला ओसाकात त्याने हिरोशी तानाहाशीला हरवून सगळ्यात मोठा बेल्ट घेतला. वय चोवीस. तानाहाशी म्हणजे ज्याने पडत्या काळात कंपनी खांद्यावर घेतली तो माणूस, आणि त्या दोघांची जोडी पुढे इतकी वर्षं चालली की ४ जानेवारी २०२६ ला तानाहाशीची निवृत्तीची मॅच टोकियो डोममध्ये झाली तेव्हा समोर कोण असावं हा प्रश्नच नव्हता. ओकाडाच.

पण हरणं आणि वाट बघणं म्हणजे काय हे मला तेत्सुया नाइतोने शिकवलं, आणि त्याची गोष्ट मी जरा सविस्तर सांगणारे, कारण जपानी रेसलिंग का बघायचं याचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे.

नाइतो लहानपणापासून न्यू जपानचा फॅन, तिकीट काढून खुर्चीत बसणारा. डोजोत गेला, वर आला, २०१३ चा जी-वन जिंकला. म्हणजे ४ जानेवारी २०१४ ला टोकियो डोममध्ये शेवटची मॅच त्याची, ओकाडासमोर, सगळ्यात मोठ्या बेल्टसाठी. लहानपणापासूनचं स्वप्न. पण लोकांना तो आवडेना. गोड हसणारा, चकाचक हिरो त्यांना खोटा वाटत होता, शोमध्ये त्याची हुर्यो व्हायची. कंपनीने काय केलं, फॅनचं मतदान घेतलं की मेन इव्हेंट कोणती हवी, ओकाडा विरुद्ध नाइतो की दुसऱ्या नंबरच्या बेल्टची, त्या पांढऱ्या इंटरकॉन्टिनेंटल बेल्टची, नाकामुरा विरुद्ध तानाहाशी. लोकांनी दुसरी निवडली, मोठ्या फरकाने. स्वप्नाची मॅच शेवटून दुसरी झाली, आणि तीही नाइतो हरला.

२०१५ मध्ये तो मेक्सिकोला गेला, तिथे लोस इंगोबेर्नाब्लेस नावाच्या टोळीत सामील झाला, कोणाला न जुमानणारे असा त्याचा अर्थ, आणि परत आला तो बदललेला. रिंगमध्ये यायची घाई नाही, सूट घातलेला, कपडे काढायलाच पाच मिनिटं, लोक ओरडतायत आणि हा डोळा बोटांनी ताणून त्यांच्याकडे बघतोय. घाई करू नका, हेच त्याचं पालुपद. लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग हसले, मग बघता बघता हॉलभर त्याचेच टी-शर्ट. २०१६ ला ओकाडाला हरवून मोठा बेल्ट घेतला आणि सरळ हवेत फेकून दिला. त्याच वर्षी पांढरा बेल्टही त्याच्याकडे आला, तोच, मतदानात त्याची मेन इव्हेंट खाणारा, आणि नाइतोने तो महिनोन् महिने फेकला, आपटला, लोखंडी पायऱ्यांवर हाणला, बेल्टची पार वाट लागली. मागची गोष्ट माहीत नसेल तर हा नुसता माज दिसतो, माहीत असेल तर गळा दाटतो.

२०१८ ला परत डोमची मेन इव्हेंट, परत ओकाडा, परत हरला. ५ जानेवारी २०२० ला शेवटी जिंकला, डोममध्ये, ओकाडाला हरवून, दोन्ही बेल्ट हातात. त्याची एक पद्धत आहे, जिंकल्यावर टोळीतल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि शेवटी सगळ्या हॉलने मिळून टोळीचं नाव ओरडायचं. ते त्याला डोममध्ये करायचं होतं. माइक हातात, नावं घ्यायला सुरुवात, आणि केंटा नावाचा दुसरा पैलवान मागून आला आणि त्याला झोपवलं. लोक थिजले. मग कोरोना आला, हॉलमध्ये ओरडायला बंदी, दोनेक वर्षं फक्त टाळ्या. २०२३ चा जी-वन नाइतोने जिंकला, गुडघे तोवर पार गेलेले. ४ जानेवारी २०२४ ला सानादाला हरवून बेल्ट घेतला, त्या वेळीही ऐन माइकच्या वेळी एव्हिल नावाचा पैलवान मारायला धावून आलाच, पण यावेळी हरलेला सानादाच मदतीला धावला. आणि नाइतोने नावं घेतली, एकेक, शेवटपर्यंत, आणि सगळं डोम ओरडलं.

मतदानामुळे मेन इव्हेंट हुकली त्या रात्रीपासून बरोबर दहा वर्षं. तारीखही तीच. आता सांगा, निकाल आधी ठरलेला होता याने काय बिघडलं? दहा वर्षं एक माणूस आणि त्याच्यासमोरची गर्दी दोघं मिळून म्हातारे होत होते, ते कोणी लिहून ठरवलेलं नव्हतं. २०२५ मध्ये नाइतोने न्यू जपान सोडलं, आणि तेव्हा मला घरातलंच कोणी गाव सोडून गेल्यासारखं वाटलं.

म्हणून म्हणतो, हरणारा गडी शोधा.

बाकी कंपन्यांचं पटापट सांगतो. बायकांचं रेसलिंग मात्र पटापट उरकण्यासारखं नाही. जपानमध्ये ते कधीच मधल्या वेळेतलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात ऑल जपान विमेन्स नावाची कंपनी होती, शाळकरी मुली खच्चून भरायच्या, क्रश गॅल्स म्हणजे चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्यासाठी वेड्या. ऑगस्ट १९८५ ला ओसाकात नागायो आणि डंप मात्सुमोतो यांची केस पणाला लावलेली मॅच झाली, नागायो हरली, रिंगमध्येच तिचं मुंडन झालं आणि हजारो मुली हुंदके देऊन रडत होत्या, ते फुटेज बघताना आजही अंगावर काटा येतो. त्याच कंपनीत दारू, सिगारेट आणि पुरुष या तिन्हींना बंदी होती आणि पंचविशीला निवृत्त व्हायचा दंडक, तोही लक्षात ठेवा. आज मोठं नाव स्टारडम, पहिला शो जानेवारी २०११. डब्ल्यूडब्ल्यूईत इयो स्काय आणि कायरी दिसल्या असतील, त्या तिथल्याच. माझ्या मते आत्ता नवीन माणसाला न्यू जपानपेक्षाही स्टारडम लवकर पकडेल, मॅच छोट्या, वेग जास्त, गट स्पष्ट. टोकियो जोशी प्रो जरा हळवी, गाण्या-बिण्यांची. २०२४ पासून मेरिगोल्डही आहे.

डीडीटी ही कंपनी ज्यांना वाटतं रेसलिंग फार गंभीर झालंय त्यांच्यासाठी. तिथे योशिहिको नावाची हवेची बाहुली पैलवान आहे आणि तिच्याशी कोता इबुशीने खऱ्या मॅच केल्यात, एक बेल्ट असा आहे जो कोणीही कुठेही जिंकू शकतं, शिडीनेही जिंकलाय. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी धावत्या शिंकान्सेनमध्ये, बुलेट ट्रेनच्या डब्यात मॅच केली, मिनोरू सुझुकी विरुद्ध सान्शिरो ताकागी. कोबेचं ड्रॅगन गेट वेगासाठी. काटेरी तारा, ट्यूबलाइट फोडणं वगैरे बिग जपानमध्ये, ते मला स्वतःला फार वेळ बघवत नाही, पण त्यामागचं अत्सुशी ओनिता नावाच्या माणसाचं वेड वेगळा लेख मागतं.

आणि नव्वदचं ऑल जपान. मिसावा, कावादा, कोबाशी, ताउए. ३ जून १९९४ चा मिसावा विरुद्ध कावादा, ९ जून १९९५ ची चौघांची टॅग मॅच, जाणकार अजूनही याच्यापुढे काही नाही म्हणतात आणि बहुधा बरोबर म्हणतात. पण सुरुवात इथून करू नका. एक तर त्या मॅच आधीच्या चार-पाच वर्षांवर उभ्या आहेत, आणि दुसरं, त्या बघताना पुढचं माहीत असायला हवं. दरवर्षी लोकांना आणखी मोठं हवं होतं आणि ही माणसं मानेवर, डोक्यावर पडत गेली. बाबा १९९९ ला गेला, २००० मध्ये मिसावा बहुतेक पैलवानांना घेऊन बाहेर पडला आणि त्याने नोआ काढली. १३ जून २००९, हिरोशिमा, एक साधा बॅक सुप्लेक्स, म्हणजे मागून उचलून मागे आपटायचा डाव, हजारो वेळा घेतलेला. मिसावा उठला नाही. शेहेचाळीस वर्षांचा होता. तेव्हापासून मानेवर पडणारा डाव बघून मी टाळी वाजवत नाही, आधी तो उठतोय का ते बघतो. एप्रिल २०१७ ला शिबाता नावाच्या पैलवानाने ओकाडाला हेडबट मारला, डोक्यावर डोकं, त्या मॅचनंतर मेंदूत रक्तस्राव होऊन शिबाताचंच ऑपरेशन करावं लागलं, वाचला. काकांनी खोटं म्हटलं की मला ही दोन नावं आठवतात.

गाजलेलं काहीतरी बघायचंच असेल तर ओकाडा विरुद्ध केनी ओमेगा. चार मॅच आहेत, क्रमाने बघा, ४ जानेवारी २०१७, मग त्याच जूनमधली साठ मिनिटांची ड्रॉ, मग ऑगस्टमधली जी-वनची, आणि शेवटी ९ जून २०१८ ओसाका. शेवटची आधी बघू नका, लोक रेटिंग बघून तीच पहिली लावतात, सात स्टार मिळालेत म्हणून, आणि मग म्हणतात छान होती पण रडण्यासारखं काय होतं. रडण्यासारखं आधीच्या तीन मॅचमध्ये आहे.

एक शेवटचं, फॅन म्हणून वागण्याबद्दल. २०२० च्या मे महिन्यात स्टारडमची हाना किमुरा गेली, बावीस वर्षांची, एका रिॲलिटी शोवरून ऑनलाइन लोकांनी तिच्यावर घाण ओतली होती. त्यानंतर जपानने २०२२ मध्ये अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा कडक केली, आता त्यात वर्षापर्यंत तुरुंग आहे. तुम्ही व्हिलनची हुर्यो रिंगमध्ये जरूर उडवा, तेच तिचं काम आहे. तिच्या अकाउंटवर जाऊन नको.

मग एखाद्या दिवशी कोराकुएन हॉलचा शो पकडा, टोकियो डोमच्या शेजारच्या बिल्डिंगचा पाचवा मजला, दीडेक हजार माणसांची जागा, १९६२ पासूनचा हॉल. मोठ्या मॅचला लोक रंगीत कागदी फिती फेकतात, रिंग भरून जाते, आणि ती झटझट गोळा करणारी काळ्या कपड्यांतली पोरं दिसतात. त्यांचे चेहरे बघून ठेवा. दुपारी तीनला, आपल्या वेळेने, घंटा वाजेल आणि त्यातलीच दोन पोरं पहिल्या मॅचला समोरासमोर उभी असतील. सात-आठ मिनिटांत एक जण दुसऱ्याचे पाय मागे ओढेल. जो हात आपटेल त्याचं नाव वहीत लिहा, बाजूला तारीख टाका.